कादंबरीतलं मन पडद्यावर उतरतं का?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' वाचा आणि लगेच सुजय डहाके यांचा त्यावरचा सिनेमा (२०११) बघा. फरक चटकन लक्षात येतो.

कादंबरी नववीतला मुकुंद जोशी स्वतः सांगतो. त्याला आवडणारी शिरोडकर दिसली की डोक्यात उठणारा गोंधळ तो पानंच्या पानं मांडत राहतो. सिनेमाला एवढी बडबड परवडत नाही. तिथे सगळा भार मुकुंद साकारणाऱ्या अंशुमन जोशीच्या चोरट्या नजरेवर येतो. काही खट्याळ टिप्पण्या गळतात, पण ते कोवळं अवघडलेपण नेमकं पोचतं. अविनाश देशपांडे यांच्या या रूपांतरित पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगाच नाही!

'जैत रे जैत' या सिनेमाचं (१९७७) गणित वेगळं. गो. नी. दांडेकरांनी शब्दांत उभी केलेली ठाकरवाडी डॉ. जब्बार पटेलांनी गाण्यांतून जिवंत केली. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली आणि स्मिता पाटीलने साकारलेली चिंधी. पुस्तकात न ऐकू येणारा ढोल इथे थेट अंगात भिनतो.

माझं मत विचाराल तर, स्वगतासारखी कादंबरी पडद्यावर आणणं सर्वांत अवघड. समूहाचं जगणं मात्र तिथे खुलतं.

तुमचा अनुभव काय? कमेंटमध्ये नक्की सांगा.