लिनक्सवर वाय-फाय आपोआप का सुरू होत नाही?

आजचा विषय तुमच्याच प्रश्नांतून आला आहे. लिनक्स टाकलं, सगळं छान चालतं, पण संगणक सुरू केला की वाय-फाय दर वेळी हाताने जोडावं लागतं. असं का होतं आणि त्यावर उपाय काय?

बहुतेक जण यावर एकच करतात. कुठूनतरी एक आज्ञा उचलतात आणि टर्मिनलमध्ये चिकटवतात. ती लागू पडली तर नशीब, नाहीतर दुसरी. माझं म्हणणं असं की आधी दोन मिनिटं थांबा आणि नेमकं कुठे अडलंय ते पाहा. वाय-फाय आपोआप जोडलं जाण्यासाठी चार गोष्टी एकामागून एक व्हाव्या लागतात. कार्ड ओळखलं जायला हवं, रेडिओ चालू असायला हवा, जोडणारी सेवा सुरू व्हायला हवी आणि पासवर्ड तिच्या हाती लागायला हवा. यातली एक जरी अडली तरी तुम्हाला दिसतं ते एवढंच, की नेट नाही.

एक सूचना. या पुस्तकात आज्ञा बोलल्याप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

पहिली आज्ञा: एनएमसीएलआय, मग एक जागा सोडून डिव्हाइस. उबुंटू, मिंट, फेडोरा यांच्या डेस्कटॉपवर नेटचं काम नेटवर्कमॅनेजर नावाची सेवा बघते. रेड हॅटने ती २००४ मध्ये सुरू केली. रास्पबेरी पायच्या प्रणालीतही २०२३ पासून मुळात हीच सेवा असते. ही आज्ञा तिलाच विचारते, की तुझ्याकडे कोणती उपकरणं आहेत आणि ती कोणत्या अवस्थेत आहेत? उत्तरात वाय-फायच्या ओळीपुढे काय लिहिलंय ते बघा.

वाय-फायची ओळच नसेल, तर कार्ड ओळखलं गेलेलं नाही. म्हणजे ड्रायव्हर किंवा फर्मवेअरचा प्रश्न आहे. कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं असेल, तर संशय नव्या कर्नलवर घ्या. यूएसबीच्या छोट्या वाय-फाय काडीचा ड्रायव्हर बाहेरून टाकलेला असेल, तर कर्नल बदलल्यावर तो पुन्हा बांधावा लागतो. संगणक सुरू होताना ग्रबच्या यादीतून जुना कर्नल निवडून बघा. त्यावर वाय-फाय आलं तर दोषी सापडला.

'अनअव्हेलेबल' असेल, तर बहुधा रेडिओ बंद आहे. आरएफकिल लिस्ट ही आज्ञा द्या. 'सॉफ्ट ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर सॉफ्टवेअरने बंद केलंय. 'हार्ड ब्लॉक्ड'पुढे 'येस' असेल तर लॅपटॉपवरचं बटण किंवा फंक्शनची कळ तपासा. इथे एक गंमत आहे. लिनक्स ही अवस्था लक्षात ठेवतं. काल विमान मोड चालू ठेवून संगणक बंद केला असेल, तर आज सुरू करतानाही रेडिओ बंदच राहू शकतो. रास्पबेरी पायवर तर वाय-फायसाठी देश निवडेपर्यंत रेडिओ अडवूनच ठेवलेला असतो.

'अनमॅनेज्ड' असेल, तर नेटवर्कमॅनेजर म्हणतोय की या कार्डाला मी हात लावत नाही. डेबियनवर हे बऱ्याचदा दिसतं. ईटीसी फोल्डरमधल्या नेटवर्क फोल्डरात इंटरफेसेस नावाची फाइल असते. तिथे त्या कार्डाचं नाव लिहिलेलं असेल, तर नेटवर्कमॅनेजर ते कार्ड सोडून देतो. एका कार्डाला दोन कारभारी नकोत. एकाकडेच काम द्या.

आणि आज्ञा दिल्यावर 'नेटवर्कमॅनेजर चालू नाही' असंच उत्तर आलं, तर सेवाच सुरू झालेली नाही. त्यासाठी सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड नेटवर्कमॅनेजर असं विचारा. इथे मात्र नेटवर्कमधला एन आणि मॅनेजरमधला एम मोठे हवेत. उत्तर 'डिसेबल्ड' आलं, तर इज-एनेबल्डच्या जागी एनेबल लिहून, सुरुवातीला सुडो लावून, तीच आज्ञा द्या.

आता सर्वांत फसवा प्रकार. कार्ड दिसतंय, रेडिओ चालू आहे, सेवा सुरू आहे, अवस्था 'डिस्कनेक्टेड' आहे. आणि तुम्ही लॉगिन करून पासवर्ड दिलात की लगेच जोडलं जातं.

आमच्याच घरातलं उदाहरण सांगतो. माझी आत्या इंदूरला एकटी राहते, मी हैदराबादला. तिच्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट आहे. दर महिन्याला तिचं डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं असतं, आणि काही अडलं तर मी इथून तिच्या संगणकात शिरून करून देतो. वीज जाऊन परत आली की संगणक आपोआप चालू व्हावा अशी सोय बायोसमध्ये केली आहे. लॉगिनही आपोआप होतं. तरी एकदा डॉक्टरांच्या वेळेच्या अर्धा तास आधी वीज जाऊन आली आणि नेट काही येईना.

मी फोन केला. "अगं आत्या, स्क्रीनवर काय दिसतंय?"

"अरे, एक चौकोन आलाय. इंग्रजीत काहीतरी विचारतोय. मी कशालाच हात लावला नाही बाबा."

त्या चौकोनात कीरिंगचा पासवर्ड मागितला होता. कीरिंग म्हणजे तुमच्या पासवर्डांची कुलूपबंद पेटी. तुम्ही लॉगिनचा पासवर्ड टाइप करता तेव्हा त्याच पासवर्डाने ही पेटीही उघडते. पण लॉगिन आपोआप झालं, तर पासवर्ड कोणी टाइपच केलेला नसतो. पेटी बंद राहते, वाय-फायचा पासवर्ड पेटीत अडकतो आणि नेटवर्कमॅनेजर बाहेर ताटकळत बसतो. आत्याने एकेक अक्षर विचारत पासवर्ड टाइप केला, नेट आलं, डॉक्टरांशी बोलणंही झालं. पण घरी कोणी नसताना वीज गेली असती तर?

या सगळ्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे. ही वाय-फाय जोडणी संगणकाची आहे की माणसाची? जोडणी एका खात्याची असेल, तर त्या माणसाने लॉगिन केल्याशिवाय ती वापरताच येत नाही. आणि पासवर्ड त्या माणसाच्या पेटीत असेल, तर पेटी उघडल्याशिवाय मिळत नाही. प्रशासकाचे अधिकार नसलेल्या साध्या खात्यातून केलेली जोडणी बहुधा त्या खात्यापुरतीच राहते. केडीई वापरणाऱ्यांकडे याच पेटीचं नाव केवॉलेट असतं.

उपाय असा. एनएम-कनेक्शन-एडिटर ही खिडकी उघडा आणि आपली जोडणी निवडा. जनरल या पानावर दोन खुणा हव्यात. एक, आपोआप जोडण्याची. दोन, सर्व वापरकर्त्यांना ही जोडणी वापरू देण्याची. मग वाय-फाय सिक्युरिटी या पानावर जा. पासवर्डच्या चौकटीत उजव्या टोकाला एक छोटं चिन्ह असतं. त्यावर क्लिक करून पासवर्ड सर्व वापरकर्त्यांसाठी साठवण्याचा पर्याय निवडा. पासवर्ड पुन्हा टाइप करा आणि सेव्ह करा. प्रशासकाचा पासवर्ड मागितला तर द्या. जोडणी आता संगणकाच्या मालकीची झाली.

याची किंमतही समजून घ्या. आता वाय-फायचा पासवर्ड ईटीसी फोल्डरातल्या एका फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. तो वाचण्याचा अधिकार फक्त रूटला आहे. पण कोणी हार्ड डिस्कच काढून नेली आणि ती एन्क्रिप्ट केलेली नसेल, तर त्याला तो वाचता येईल. घरच्या वाय-फायसाठी हे चालण्यासारखं आहे. ऑफिसच्या नेटवर्कवर तुमच्या स्वतःच्या नावाने लॉगिन होत असेल, तर तो पासवर्ड असा ठेवू नका.

आणखी एक सल्ला तुम्हाला ऐकायला मिळेल. कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवा, म्हणजे तो चौकोन येणारच नाही. चौकोन येणार नाही हे खरं. पण मग पेटीतले सगळेच पासवर्ड उघडे पडतात, ब्राउझरचे आणि ईमेलचेही. एका किल्लीसाठी अख्ख्या घराची कुलपं काढण्यासारखं आहे ते.

आता परीक्षा. इथे बरेच जण घाई करतात. संगणक पुन्हा सुरू करतात, लॉगिन करतात, वाय-फाय दिसतं आणि खूश होतात. पण लॉगिन केल्यावर तर ते आधीही येत होतं! म्हणून आपोआप लॉगिन बंद करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि लॉगिनच्या पडद्यावरच थांबा. दोन-तीन मिनिटं कीबोर्डला हात लावू नका. मग मोबाइलवर राउटरचं पान उघडा आणि जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तुमचा संगणक दिसतो का ते बघा. दिसला तर काम झालं.

एकदा राउटर आणि संगणक दोन्हींची वीज एकदम बंद करून, एकदम चालू करूनही बघा. संगणक आधी उठतो, राउटरला वेळ लागतो, आणि प्रत्यक्षात वीज गेल्यावर असंच होणार आहे. तरीही जोडलं गेलं नाही, तर जर्नलसीटीएल, वजा बी, वजा यू, नेटवर्कमॅनेजर अशी आज्ञा द्या. या वेळी संगणक सुरू झाल्यापासून त्या सेवेने काय काय केलं, त्याची वेळेसकट नोंद मिळेल. 'सीक्रेट्स' हा शब्द दिसला तर पासवर्डचं दुखणं आहे, 'फर्मवेअर' दिसला तर कार्डाचं.

आणि राउटर त्याच खोलीत असेल तर? सरळ केबल लावा. तिला पासवर्ड लागत नाही.

ही परीक्षा आजच घरी करून बघा, विशेषतः तुम्ही एका गावात आणि आई-वडिलांचा संगणक दुसऱ्या गावात असेल तर. पुढच्या भागात त्या संगणकात दूरून सुरक्षितपणे कसं शिरायचं ते बघू.