जळगाव की धुळे? जागा घ्यायची तर मे महिन्यात पाहून घ्या

कापूस विकला गेला, केळीचे पैसे हातात आले की खान्देशातल्या कितीतरी घरांत फराळाच्या ताटाभोवती एक विषय हमखास निघतो. शहरात जागा घ्यायची का, आणि घ्यायची तर कुठे? मुलगी बारावीला असते, वडिलांचे गुडघे कुरकुरू लागलेले असतात, पुण्यात नोकरीला असलेल्या धाकट्यालाही कधीतरी आपल्या मुलखात परतायचे असते. यावल-रावेरचा माणूस डोळे मिटून जळगावचे नाव घेतो, साक्री-शिंदखेड्याचा धुळ्याचे. खरा पेच पडतो तो पारोळा, एरंडोल, अमळनेर भागातल्या लोकांना. त्यांना दोन्ही शहरे सारखीच हाताशी आहेत. मधले अंतर शंभर किलोमीटरच्या आत आहे, पण दोन्हीकडचा रोजचा दिवस मात्र बराच वेगळा जातो.

हा वेगळेपणा दोन्ही शहरांच्या जन्मापासूनचा आहे. धुळे सरकारी निर्णयाने उभे राहिले. होळकरांच्या स्वाऱ्या आणि १८०३ चा दुष्काळ यांत हे गाव ओस पडले होते. नंतर ते पुन्हा वसवण्यात आले. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने खान्देशच्या कारभारासाठी धुळ्याची निवड केली. मुलखाच्या मध्यभागी, पांझरेच्या काठी आणि दक्षिणेतून आग्ऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशी ही जागा त्याला सोयीची वाटली. जुन्या वस्तीशेजारी सरळ रेषेत नवी पेठ आखली गेली, व्यापारी आणि कारागिरांना बोलावून जागा दिल्या गेल्या. आजही धुळेकर पत्ता सांगताना ‘चार नंबर गल्ली’, ‘सहा नंबर गल्ली’ असेच सांगतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या आखणीमुळे पाचकंदील परिसरात नवखा माणूस सहसा चुकत नाही.

जळगाव वाढले ते रेल्वेने आणि कापसाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खान्देशच्या रुईला एकदम भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग त्याच सुमारास इथून पुढे गेला. बाजाराचे गाव पाहता पाहता व्यापाराची पेठ झाले. १९०६ मध्ये खान्देशचे दोन भाग झाले आणि पूर्व खान्देशचे मुख्य ठिकाण म्हणून जळगाव पुढे आले, पश्चिम खान्देश धुळ्याकडे राहिला. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची लोकसंख्या ४ लाख ६० हजारांवर आणि धुळ्याची पावणेचार लाखांच्या आसपास होती. म्हणजे मागून आलेले गाव पुढे निघून गेले. दाणाबाजार, सराफ बाजार आणि फुले मार्केट या तीन ठिकाणी सकाळी अकरा वाजता उभे राहिले, की ते पुढे का गेले हे वेगळे सांगावे लागत नाही.

मात्र राहायला जागा पाहताना बाजारपेठेआधी नळ पाहावा. खान्देशात या एका गोष्टीवर घराचे सुख-दुःख ठरते.

जळगावला वाघूर धरणाचे पाणी मिळते. त्याआधी शहराची भिस्त गिरणेवर होती, गिरणा पंपिंग रोड हे नाव त्याच काळाने मागे ठेवले आहे. धुळे तर नदीच्या काठावरच वसलेले. पण पांझरेचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते, त्यामुळे शहराला तापीवरील सुलवाडे बॅरेजपासून पाणी आणावे लागते. जोडीला नकाणे आणि डेडरगावचे तलाव आहेत, अक्कलपाड्याचा प्रकल्पही आहे. इतके असूनही दोन्ही शहरांत नळाला रोज पाणी येणे ही वर्षानुवर्षे दुर्मीळ गोष्ट राहिली आहे आणि हा खंड धुळ्यात अधिक मोठा राहत आला आहे. म्हणून जागा बघायला गेलेल्या माणसाने एजंटाला आधी चौरस फुटाचा भाव विचारू नये. शेजारच्या घराची कडी वाजवावी आणि तिथल्या बाईंना विचारावे, ‘ताई, पाणी कितव्या दिवशी येतं? किती वाजता? आणि किती वेळ?’ तिन्ही उत्तरे सारख्याच मोलाची आहेत. पहाटे चारला पाऊण तास येणारे पाणी कागदावर पाणीपुरवठाच असते, पण त्यासाठी घरातल्या एका माणसाला जागे राहावे लागते.

पाण्याच्या दिवशी धुळ्याच्या देवपुरातल्या किंवा जळगावच्या पिंप्राळ्यातल्या एखाद्या गल्लीत थांबून पाहावे. नळाला आधी नुसती हवा येते, मग गढूळ धार, ती बाजूला जाऊ द्यायची. एकेका घरातली मोटार सुरू होते आणि गल्लीच्या टोकाच्या घरातली धार बारीक होत जाते. हंडे, कळशा, निळे ड्रम, जमिनीखालची टाकी, वरची टाकी असा क्रम ठरलेला असतो. पाहुण्यांना बोलवायचे, गोधड्या धुवायच्या, तर पाण्याचा वार पाहूनच. ज्या घराला जमिनीखाली पाच-दहा हजार लिटरची टाकी आहे, त्या घरातल्या बाईच्या चेहऱ्यावर या दिवशी जी स्वस्थता दिसते, ती महागड्या फरशीने येत नाही. घर बांधणाऱ्यांनी आधी टाकी खणावी, भिंतींचा रंग मागाहून ठरवला तरी चालतो.

पाण्याची वाटणी कशी करावी, हे पांझरेच्या काठच्या शेतकऱ्यांनी शहरांच्या कितीतरी आधी ठरवले होते. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड अशी ही फड पद्धती साक्री-धुळ्याच्या पट्ट्यात काही शतके चालत आली. कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सगळे मिळून ठरवत. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागले असत. याच पांझरेच्या खोऱ्यात, दातर्तीजवळ, तरुण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर पाण्याच्या सायफनचे काम केले होते. एवढा वारसा असलेल्या नदीकाठच्या शहराला टँकरची वाट पाहावी लागते, याचे वाईट वाटते.

दुसरी परीक्षा उन्हाची. मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कित्येक दिवस तिथेच राहतो. धुळ्यातही ऊन काही कमी नसते, मात्र तिथली थंडी अधिक कडक. जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात. खान्देशातली जुनी धाब्याची घरे हे सगळे ओळखून बांधलेली होती. जाड मातीच्या भिंती, लाकडी सऱ्यांवर पसरलेली खारी माती आणि लहान खिडक्या. आजच्या स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावर पश्चिमेची खोली वाट्याला आली, तर रात्री अकरालाही भिंतीला हात लावून उष्णता कळते. म्हणूनच सौदा दिवाळीत ठरवू नये. दिवाळीत सगळीच गावे सुंदर दिसतात. मेच्या दुपारी तीन वाजता जागेवर जावे, पश्चिमेच्या भिंतीला तळवा टेकवावा, कूलर कुठे बसेल आणि त्याला पाणी कुठून येईल हे तिथल्या तिथे पाहावे. झाड असलेली गल्ली दोन लाख जास्त देऊनही घ्यावी.

ऋतू चुकीचा निवडून घर घेणारी माणसे जगभर आहेत. ब्रिटनमध्ये समुद्रकाठी राहायला जाण्याची हौस जुनी. अठराव्या शतकात डॉ. रिचर्ड रसेल यांनी समुद्रस्नानाचे गुण सांगितले, ब्रायटन नावारूपाला आले, १८४१ मध्ये लंडनहून तिथवर रेल्वे गेली. बोर्नमथ, ईस्टबोर्न, वर्दिंग ही गावे निवृत्तांची आवडती झाली. ऑगस्टमधल्या सुट्टीत गाव बघायचे, भारावून घर घ्यायचे आणि जानेवारीच्या ओल्या वाऱ्यात बंद दुकाने पाहत बसायचे, हा अनुभव तिथे कित्येकांनी घेतला आहे. नॉर्फकमधल्या हेजबरो गावात तर समुद्राने किनारा खात खात घरे गिळली. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस व्हिटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल किनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या आरोग्यावरच लिहिला. निसर्ग सुंदर, हवा स्वच्छ, तरीही अशा गावांत आजारपणाचे ओझे जास्त आणि डॉक्टर कमी, असे त्याचे सार होते. म्हातारपणासाठी गाव निवडणाऱ्या खान्देशी माणसालाही हा मुद्दा तंतोतंत लागू पडतो. रात्री दोन वाजता छातीत कळ आली, तर किती मिनिटांत कुठे पोहोचता येईल?

या बाबतीत धुळ्याने बरीच वर्षे आघाडी राखली. श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस आले, जळगावला मात्र शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी २०१८ पर्यंत थांबावे लागले. खासगी दवाखाने दोन्हीकडे भरपूर आहेत. शिक्षणात पारडे जळगावकडे झुकते. मूळजी जेठा महाविद्यालय १९४५ पासून आहे. १९९० मध्ये स्थापन झालेले आणि आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठही जळगावलाच आहे. धुळ्याकडे कृषी महाविद्यालय आहे. त्याखेरीज पुस्तकात रमणाऱ्या माणसासाठी दोन जागा अशा आहेत, की त्यांच्यासाठीच धुळ्यात राहावेसे वाटेल. पहिली राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच निधन झाले आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी ही संस्था उभी राहिली. दुसरी शंकरराव देवांच्या हयातभराच्या कष्टांतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर, रामदासी हस्तलिखितांचे घर. १९३२ मध्ये विनोबांनी गीतेवरची प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, ती धुळ्याच्याच तुरुंगात.

कामधंद्याचे गणित सरळ आहे. डाळमिल, चटई, पाइप, ठिबक सिंचन, सोने, केळी यांपैकी कशाशीही संबंध असेल तर जळगाव. वाहतूक, तेल, दूध यांच्याशी असेल तर धुळे, कारण मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडून येणारा असे तीन राष्ट्रीय महामार्ग तिथे भेटतात. जळगावची अडचण अशी, की जुना महामार्ग शहराच्या पोटातून जातो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौक इथे अपघातांत किती घरे उघड्यावर पडली, हे जळगावकरांना विचारावे. मुलांची शाळा रस्त्याच्या एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला, अशी जागा शक्यतो घेऊच नये.

कागदांबद्दल तर हयगय नकोच. दोन्ही शहरांच्या कडेला गुंठेवारीचे प्लॉट मोठ्या संख्येने पडले आहेत. २००१ चा गुंठेवारी कायदा आणि २०२१ मधली त्याची दुरुस्ती यांमुळे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित होऊ शकतात, आपोआप होत नाहीत. बिनशेतीचा आदेश, मंजूर रेखांकन आणि सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा स्वतः पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. जळगावच्या पालिकेने १९९०च्या दशकात हाती घेतलेली सुमारे अकरा हजार घरकुलांची योजना कशी फसली, हे साऱ्या खान्देशाने पाहिले. त्यातल्या गैरव्यवहाराच्या खटल्याचा निकाल २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयात लागला, ४८ जण दोषी ठरले आणि प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले. ज्यांना घर मिळायचे होते, त्या कुटुंबांची उमेदीची वर्षे मात्र झोपडीतच गेली.

धुळ्याच्या बाजूने येत्या काळात एक मोठी गोष्ट घडणार आहे. १९००च्या सुमारास चाळीसगावहून आलेला रेल्वेचा फाटा धुळ्यात येऊन थांबला, तो थांबलाच. मुख्य मार्गावरच्या जळगावला जे दारात मिळाले, त्यासाठी धुळेकर शंभर वर्षे चाळीसगावला गाडी बदलत राहिला. २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला १८,०३६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तो पूर्ण झाला तर धुळ्यातल्या जागेचे मोल बदलेल. पण नुसत्या नकाशावरच्या रेषेकडे बघून चढा भाव देणे धोक्याचे आहे.

आणि ज्यांना जळगावची गर्दी सोसत नाही, धुळ्याचे पाणी परवडत नाही, त्यांनी दोहोंच्या मध्ये सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे अमळनेर एकदा पाहून यावे. साने गुरुजींची शाळा, प्रताप महाविद्यालय, श्रीमंत प्रतापशेठ यांनी उभारलेले तत्त्वज्ञान मंदिर आणि १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्यातून सुरू झालेली विप्रो, हे सगळे एका तालुक्याच्या गावात आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथे झाले. तापी जवळ असूनही पाडळसे धरणाचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले आहे, म्हणून अमळनेरलाही पहिला प्रश्न तोच विचारायचा : पाणी कितव्या दिवशी येतं?