आष्टी ते बोधगया : दोन तासांचा खरा हिशेब

आमच्या वस्तीतील एका आईने ऊसतोडीच्या मजुरीतून वर्षानुवर्षे पैसा साठवला. आयुष्यात एकदा बोधगया डोळ्यांनी पाहायची, एवढीच तिची इच्छा. मुलाने मोबाईलवर शोधले आणि सांगितले, "औरंगाबाद ते गया 1,120 किलोमीटर. विमानाने दोन तास." आईने आम्हाला विचारले, "म्हंजी सकाळी जाऊन दिवस मावळायला घरी येता येईल का, भाऊ?"

वाचकहो, प्रश्न साधा आहे, पण तिच्या साठवलेल्या पैशाचा आहे. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

मोबाईलने सांगितलेला आकडा खोटा नाही. तो नकाशावर सरळ रेघ ओढून काढलेला आहे. मोठे जेट विमान उंचावर ताशी 800 किलोमीटरच्या आसपास उडते. चढताना-उतरताना वेग कमी असतो, धावपट्टीपर्यंत जाण्यातही वेळ जातो. हे सारे धरून दोन तास होतात. पण केव्हा? विमान सरळ गेले तर!

लहान शहरांतली विमाने बहुधा मोठ्या शहरांना जोडलेली असतात, कारण रोज विमान भरेल एवढे प्रवासी दोन लहान शहरांमध्ये मिळत नाहीत. त्यामुळे चिकलठाण्याहून आधी दिल्ली, हे सुमारे 980 किलोमीटर. दिल्लीहून गया सुमारे 890. म्हणजे 1,120 किलोमीटरसाठी 1,870 किलोमीटरचा वळसा!

आता घरापासूनचा हिशेब मांडू. आष्टीहून चिकलठाणा, वाटेतल्या थांब्यांसह चार तास. विमानतळावर दोन तास आधी हजर. दिल्लीपर्यंत दोन तास. तेथे दुसऱ्या विमानासाठी तीन तास. पुढे गयेपर्यंत दीड तास. सामान घेऊन बोधगयेला पोहोचेपर्यंत एक तास. बेरीज साडेतेरा तास. त्यात प्रत्यक्ष उडणे केवळ साडेतीन तास!

तरीही विमानाने वेळ वाचतो, हे मान्य केले पाहिजे. मनमाडहून रेल्वेने गयेला पूर्ण एक दिवस लागतो. म्हाताऱ्या गुडघ्यांना हा फरक मोठा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आष्टीपासून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), शिर्डी आणि पुणे हे तिन्ही विमानतळ सरळ रेषेत 120 ते 135 किलोमीटरच्या टप्प्यात आहेत. तेव्हा जवळचा कोणता, हे पाहत बसू नये. पुढचे विमान कोठून सोयीचे मिळते ते आधी पाहावे, मग विमानतळ ठरवावा.

दोन्ही टप्प्यांचे तिकीट एकाच बुकिंगमध्ये काढावे. पहिले विमान उशिरा पोहोचून दुसरे चुकले, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. वेगवेगळी तिकिटे काढली, तर दुसऱ्याचे पैसे बुडू शकतात. सामानाच्या वजनाची मर्यादाही तिकिटावर वाचून घ्यावी. विमानतळावर जादा किलोचे पैसे भरताना जीव हळहळतो.

हा हिशेब आम्ही त्या आईला वाचून दाखवला. ती नाराज होईल, असे वाटले होते. पण ती म्हणाली, "येवढं लांब जायचं, तर मग दोन रात्री ऱ्हाऊनच येऊ."

मुलाने दोन दिवसांऐवजी चार दिवसांची रजा टाकली आहे.