गुरुचरित्र आणि गुरूचे चरित्र

नरसोबाच्या वाडीला दर पौर्णिमेला कोल्हापूर, सांगली, बेळगावहून जी गर्दी लोटते, तिच्यापैकी बहुतेकांना श्रीनृसिंहसरस्वतींचे आयुष्य एकाच ग्रंथातून ठाऊक असते : सरस्वती गंगाधरांचे ‘गुरुचरित्र’. हा ग्रंथ सोळाव्या शतकातला. स्वामी गाणगापुराहून गेले त्याला तोवर सुमारे शंभर वर्षे लोटली होती. मग चरित्राचे साधन म्हणून तो कितपत भरवशाचा? माझ्या मते सबंध पोथीला एकच उत्तर लागू पडत नाही. ग्रंथकाराला जे भाविकांच्या मनावर ठसवायचे आहे, तिथे अभ्यासकाने सावध राहावे. जे तो ओघात सांगून जातो, तिथे कान द्यावा.

ग्रंथकार आपली वंशावळ देतो : सायंदेव, नागनाथ, देवराव, गंगाधर, सरस्वती. सायंदेव स्वामींचे शिष्य, म्हणजे ही घरात पाचव्या पिढीपर्यंत आलेली आठवण आहे. अमरापूरची, म्हणजे आजच्या वाडी परिसरातली, कथा पाहा. दरिद्री ब्राह्मणाच्या घरी धान्य नाही. दारातल्या घेवड्याच्या वेलाच्या शेंगा शिजवून भिक्षा वाढली जाते. जाताना स्वामी तो वेल तोडतात आणि पुढे त्याच्या मुळाशी द्रव्याचा कुंभ सापडतो. कुंभ खरा की खोटा, हे ठरवायला इतिहासाकडे साधन नाही. पण कृष्णा-पंचगंगेचा संगम, अमरेश्वर, औदुंबर आणि शेंगांवर गुजराण करणारे घर हा तपशील या काठाशी ओळख असलेल्या माणसाकडून आलेला दिसतो. अर्थात त्यातून स्थळाचे ज्ञान सिद्ध होते, स्वामींचा मुक्काम नव्हे. वाडीतला बारा वर्षांचा वासही मला मोजलेला वाटत नाही. बारा वर्षांचे तप हा संन्यासचरित्रांचा ठरलेला आकडा आहे.

याउलट निर्याणाचा काळ बराच पक्का बसतो. पोथी बहुधान्य संवत्सर, माघ वद्य प्रतिपदा आणि कन्या राशीतला गुरू सांगते. बहुधान्य साठ वर्षांनी येते : १३९८-९९, १४५८-५९, १५१८-१९. पोथीत बिदरचा बादशहा स्वामींना भेटतो, आणि बहमनींची राजधानी बिदरला गेली ती अहमदशहा वलीच्या कारकिर्दीत (१४२२-३६), म्हणून पहिले साल बाद. तिसरे धरले तर पाच पिढ्या मावत नाहीत. उरते १४५९, आणि त्या माघात गुरू कन्येतच होता. कन्यागत हे कृष्णाकाठचे मोठे पर्व. तेव्हा पुण्यकाळ म्हणून तो मागाहून जोडला असेल, ही शंका रास्त आहे. मात्र तसा योग जुळवायलाही साल ठाऊक असावे लागते. बादशहाची भेट मी घडलेली मानत नाही. सुलतानापुढे साधूचा प्रभाव ही सर्वत्र फिरणारी कथा आहे आणि हा बादशहा पूर्वजन्मी आधीच्या दत्तावताराचा भक्त असलेला रजक होता, हे तर दोन अवतार सांधण्यासाठीच आले आहे. तरीही पुढच्यांच्या स्मरणातले स्वामी बिदर राजधानी असलेल्या काळातले होते, एवढे या कथेवरून कळते. १३७८ हे जन्मसाल मात्र मागाहूनच्या हिशेबातून आलेले आहे. त्याला असा आधार नाही.

पोथी पारायणासाठी आहे, तिची उलटतपासणी कशाला, असे भाविक म्हणतील. पण गावे, नद्या, तिथी नावानिशी देणाऱ्या ग्रंथकारालाही हे घडलेले म्हणूनच सांगायचे होते. तपासणे हा त्याचा मान आहे. चमत्कार आहेत म्हणून सगळेच टाका, हा दुसरा आक्षेप. त्याला ‘लीळाचरित्र’ उत्तर देते. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी प्रत्यक्ष सहवासातल्या लोकांकडून गोळा केल्या; वेगवेगळे पाठही नोंदले गेले. त्यात अलौकिक आहेच, तरी यादवकाळाच्या अभ्यासकाला तो ग्रंथ टाळता येत नाही. ‘गुरुचरित्रा’ला तशी जवळची साक्ष नाही. शिवाय पतिव्रताधर्म, काशीयात्रा, वेदांच्या शाखा असे कितीतरी अध्याय पुराणांतून आलेले. स्वामींच्या आयुष्याविषयी ते काही सांगत नाहीत. आज एकावन्न, बावन्न आणि त्रेपन्न अध्यायांच्या प्रती चालतात. त्यामुळे निर्याणाच्या त्या ओव्या जुन्या हस्तलिखितांत एकसारख्या आहेत का, हे एकेक प्रत समोर ठेवून पाहायला हवे, आणि दत्तक्षेत्रांनी आपली दप्तरे त्यासाठी खुली करावीत.