शेतात सापडणारी बहमनी नाणी : ओळख, नोंद आणि जतन

प्रास्ताविक

बहमनी सल्तनतीची स्थापना १३४७ मध्ये झाली. तिची पहिली राजधानी गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी. पुढे अहमदशाह वली (१४२२-१४३६) याने राजधानी बिदरला नेली. मन्नाएखेळ्ळीचा परिसर या दोन शहरांच्या टापूतला आहे. अशा भागात नांगरताना किंवा घराचा पाया खणताना जुने नाणे हाती लागणे नवलाचे नाही. मात्र चांदीचे नाणे सराफाच्या मुशीत आणि तांब्याचे भंगारात गेले की इतिहासाचे एक अस्सल साधन कायमचे नष्ट होते. ते वाचविण्यासाठी महाविद्यालयीन शिक्षक काय करू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ओळख

बहमनी नाण्यांवर प्रायः चित्र नसते; अरबी मजकूर असतो. विजयनगरच्या सोन्याच्या नाण्यांवर देवदेवतांच्या आकृती आढळतात, हा ठळक फरक होय. चांदीचा टंका साधारण ११ ग्रॅमचा असतो. त्यावर सुलतानाचे नाव व उपाधी, तर कडेला टांकसाळ आणि हिजरी सन असतो. गुलबर्ग्याचे नाव 'अहसनाबाद', तर बिदरचे 'मुहम्मदाबाद' असे येते. ठसा नाण्यापेक्षा मोठा असल्यास कडेचा मजकूर अर्धवट उमटतो. अशा वेळी सुलतानाच्या नावावरून काळ ठरवावा. उर्दू-अरबी जाणणाऱ्या शिक्षकांना हे वाचन थोड्या सरावाने साधते.

हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळविल्यास अंदाजे इसवी सन येतो. उदाहरणार्थ, हिजरी ८०० म्हणजे इ. स. १३९७-९८; फिरोजशाह बहमनी याच काळात गादीवर आला.

नोंद

नाण्याचे खरे मोल ते कोठे व कशासोबत सापडले यात आहे. खेड्यातील शेतात मिळालेले तांब्याचे नाणे रोजच्या बाजारातील चलन कुठवर पोहोचले होते, हे दाखवते. मडक्यात एकत्र सापडलेल्या नाण्यांपैकी सर्वांत अलीकडचे नाणे महत्त्वाचे, कारण तो साठा त्या सनापूर्वी पुरलेला असू शकत नाही. त्यातील चार नाणी वेगळी झाली तर हा पुरावाच ढासळतो. म्हणून गाव, शेत, खोली, सोबतच्या वस्तू, वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंची मोजपट्टीसह छायाचित्रे यांची नोंद लगेच करावी.

जतन

चिंच, लिंबू, राख किंवा आम्लाने नाणे घासू नये. चकाकी येते, पण अक्षरे झिजतात. तांब्यावरील गुळगुळीत हिरवा थर धातूचे रक्षण करतो; भुकटीसारखा फिकट हिरवा थर दिसल्यास मात्र क्षारामुळे धातू आतून पोखरला जात आहे असे समजून तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. नाणे कडेने धरावे. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह, कोरड्या जागी ठेवावे. पी.व्ही.सी. प्लास्टिकची पाकिटे टाळावीत.

कायदा

जमिनीत पुरलेले धन सापडल्यास जिल्हा प्रशासनाला, कर्नाटकात उपायुक्तांना, कळवावे लागते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठविता येत नाहीत. म्हणून महाविद्यालयाने नाणी जमविण्यापेक्षा नोंदी जमवाव्यात.

समारोप

नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. वाचन अडल्यास अशा संस्थेचे मार्गदर्शन घेता येते. परंतु नाणे कोणत्या बांधावर मिळाले, हे तेथील तज्ज्ञ सांगू शकणार नाहीत. ती माहिती गावातच असते, आणि ती वेळेवर लिहून ठेवणे गावाजवळच्या शिक्षकालाच शक्य आहे.