पडायला शिकवणारी लाटांची शाळा

मे महिन्यात झाशीचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला, की छावणीतल्या घरांचे पडदे दुपारभर ओढलेले असतात. अशाच एखाद्या दुपारी, एखाद्या मराठी घरात, कॉलेजात शिकणारी मुलगी विषय काढते, "आई, मैत्रिणींबरोबर सर्फिंग शिकायला जाऊ का गं?"

आई विचारते, "म्हणजे नेमकं काय करायचं असतं?" मग दुसरा प्रश्न येतो, "समुद्रात? आणि राहायचं कुठं?" तिसरा ती मोठ्यानं विचारत नाही, पण मनात असतोच. उन्हानं रापून काळी पडली तर? फौजेतले बाबा मात्र वर्तमानपत्रातून डोकं वर काढून निकाल देऊन टाकतात, "पोहता येतं ना तिला? मग घाबरायचं काय?"

आईची भीती आणि बाबांचा विश्वास, दोन्ही स्वाभाविक आहेत. पण दोन्ही अर्ध्या माहितीवर उभे आहेत. लाटांवरच्या या शाळेत काय शिकवतात, तिथं राहणं कसं असतं आणि पैसे भरण्यापूर्वी काय विचारायचं, हे कळलं तर घरातला वाद निम्म्यानं कमी होईल.

झाशीहून थेट गाडी

झाशीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी वाट सरळ आहे. दिल्लीच्या निजामुद्दीनहून एर्नाकुलमला जाणारी मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस झाशीला थांबते आणि भोपाळ, भुसावळ, पनवेल, रत्नागिरी, मडगाव करत उडुपी आणि मंगळूरला पोहोचते. सुमारे दीड दिवसाचा हा प्रवास. भारतातल्या सर्फिंगची सुरुवातीची नोंद घेण्याजोगी शाळा याच टापूत, मंगळूरच्या उत्तरेला मुल्की गावी सुरू झाली.

वर्ष २००४. 'सर्फिंग स्वामी' म्हणून ओळखले गेलेले अमेरिकी जॅक हेब्नर यांनी मुल्कीला आश्रम उभारला. ते स्वतः १९६३पासून लाटांवर खेळत आले होते. सकाळी सर्फिंग, बाकी वेळ भजन-पूजन, असा हा आगळा मेळ. पाहुण्यांसाठी खोल्या मोजक्याच. जेवण शुद्ध शाकाहारी, दारू आणि सिगारेटला पूर्ण बंदी. समुद्रकिनारी सुट्टी म्हणजे रात्रीचा धिंगाणा, असं समजून येणाऱ्यांचा इथं विरस व्हायचा. मुलीला एकटीला पाठवताना बिचकणाऱ्या आईवडिलांना मात्र हीच शिस्त दिलासा देणारी.

मुंबईच्या मुलीची गोष्ट

या आश्रमाचा सर्वांत मोठा परिणाम झाला तो एका मुंबईकर मुलीवर. इशिता मालवीय २००७ मध्ये मणिपालला पत्रकारिता शिकत होती. जर्मनीहून आलेला एक विद्यार्थी चक्क सर्फबोर्ड घेऊन कॉलेजात आला. त्याच्याकडून आश्रमाचा पत्ता कळला आणि इशिता व तिचा मित्र तुषार पथियन मुल्कीला जाऊन धडकले. त्याच वर्षी दोघांनी 'शाका सर्फ क्लब' सुरू केला. उडुपीजवळ, मालपे बंदराच्या उत्तरेला, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सुवर्णा नदी अशा चिंचोळ्या पट्टीवर वसलेलं कोडी बेंगरे हे कोळ्यांचं गाव त्यांनी निवडलं. पुढं पाहुण्यांच्या मुक्कामासाठी तिथंच 'नमलोहा' हा कॅम्पही उभा राहिला. आपलं 'नमस्ते' आणि हवाईचं 'अलोहा' मिळून हे नाव बनलं.

भारताची पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून इशिताचं नाव आज घेतलं जातं. 'उन्हात जाऊ नकोस, काळी पडशील' या आपल्याकडच्या धाकामुळं किती मुली समुद्रापासून लांब राहतात, हे तिनं जाहीरपणे अनेकदा सांगितलं आहे. झाशीच्या आईच्या मनातला न विचारलेला प्रश्न तो हाच. त्याचं व्यवहारी उत्तर सोपं आहे. पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा सदरा, ज्याला रॅश गार्ड म्हणतात, पाण्यानं न धुपणारं सनस्क्रीन आणि सकाळची वेळ. तरीही रंग थोडा रापतोच. तो काही आठवड्यांत पूर्ववत होतो. शिकलेलं मात्र टिकून राहतं.

पहिला दिवस वाळूत

पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, गेलो की लाटेवर उभे राहू. प्रत्यक्षात पहिला धडा कोरड्या वाळूत होतो. फळीवर पालथं झोपायचं, हातांनी पाणी मागं सारल्याचा सराव करायचा, छातीजवळ तळवे टेकायचे आणि एका झटक्यात उभं राहायचं. गुडघे वाकलेले, नजर समोर. पायांकडे पाहिलं की तोल गेलाच म्हणून समजा. हे दहा-वीस वेळा केलं की किनाऱ्यावरच दम लागतो.

मग कमरेइतकं पाणी. नवशिक्यांना दिली जाणारी फळी मऊ फोमची, आठ-नऊ फूट लांब असते. ती दोरीनं घोट्याला बांधलेली असते. शिक्षक फळी धरून उभा राहतो आणि फुटून फेसाळत आलेली लाट आली की हलकेच ढकलतो. पुढचे दोन-तीन सेकंद खरे. बहुतेक जण पडतात, नाकातोंडात खारं पाणी जातं, डोळे चुरचुरतात. पुन्हा फळी ओढायची, पुन्हा झोपायचं.

म्हणूनच चांगला शिक्षक उभं राहण्याआधी पडायला शिकवतो. डोकं खाली करून सूर मारायचा नाही, पाठीवर किंवा कुशीवर पसरट पडायचं, कारण तळ जवळ असतो. वर येताना दोन्ही हात डोक्यावर घ्यायचे, कारण फळी अंगावर येऊ शकते. घोट्याची दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. लाट आणि आपण यांच्या मध्ये फळी येऊ द्यायची नाही.

बाबांच्या विश्वासाची परीक्षा इथं होते. तलावात चाळीस फेऱ्या मारणारी मुलगीही समुद्रात गोंधळू शकते. तलावाचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं माणसाला घेऊन जातं. किनाऱ्यावर आलेलं पाणी एखाद्या अरुंद वाटेनं वेगानं परत फिरतं. त्या ओढीत सापडलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, थकतो आणि बुडतो. अशा वेळी ओढीशी झुंजायचं नसतं. फळीला धरून राहायचं, हात वर करून मदत मागायची आणि किनाऱ्याला समांतर सरकत ओढीबाहेर पडायचं. कोकणच्या किनाऱ्यांवर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. एवढी एक गोष्ट समजली, तरी कॅम्पची फी वसूल झाली.

मुक्काम कसा असतो?

हॉटेलातली सुट्टी डोळ्यांपुढं ठेवून जाणाऱ्याला पहिला दिवस जड जातो. खोली साधी, कधी तंबू, कधी सामाईक न्हाणीघर. भल्या पहाटे उठावं लागतं, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पाणी खवळतं आणि लाटा विस्कटतात. ताटात पोळीऐवजी उकड्या तांदळाचा भात, न्याहारीला नीर डोसा, आमटीत खोबरं. खांदे इतके दुखतात, की केस विंचरायलाही हात उचलत नाही. रात्री नऊला डोळे मिटू लागतात.

तिसऱ्या दिवसापर्यंत मात्र बऱ्याच जणांना या दिनक्रमाची गोडी लागते. वयाचा, हुद्द्याचा फरक पाण्यात उरत नाही. पन्नाशीचे गृहस्थ आणि अठरा वर्षांची मुलगी एकाच लाटेत कोलमडतात आणि एकमेकांना हसतात. जो पहिल्यांदा उभा राहतो त्याच्यासाठी सगळे टाळ्या वाजवतात.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

- शिक्षकांनी सर्फिंग शिकवण्याचं आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण घेतलं आहे का? प्रमाणपत्र पाहायला मागा. भारतीय सर्फिंग महासंघ २०११पासून कार्यरत आहे.
- एका शिक्षकामागे पाण्यात किती विद्यार्थी असतात?
- महिलांसाठी वेगळी खोली, आतून कडी लागणारं न्हाणीघर आणि अंघोळीला गोडं पाणी आहे का? रात्री कोण थांबतं?
- प्रथमोपचाराची पेटी आहे का? जवळचं रुग्णालय किती अंतरावर आहे?
- समुद्र खवळलेला असेल तर वर्ग रद्द होतो का आणि पैशांचं काय होतं?

शेवटच्या प्रश्नाला 'आमच्याकडे कधीच रद्द होत नाही' असं उत्तर मिळालं, तर ते ठिकाण टाळा. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्याचे महिने नवशिक्यांसाठी नाहीतच. मेच्या अखेरीस लाटा वाढू लागतात. त्यामुळं उन्हाळ्याच्या सुट्टीपेक्षा दिवाळी किंवा नाताळची सुट्टी अधिक चांगली. दमा, फिट्स, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये, आणि गेल्यावर शिक्षकापासून लपवू नये.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली सर्फिंगचा पहिल्यांदा समावेश झाला आणि महिलांचं पहिलं सुवर्णपदक हवाईच्या करिसा मूरनं जिंकलं. झाशीच्या मुलीला पदक मिळवायचं नसेलही. तिला बहुधा आठवडाभर घराबाहेर राहून काही नवं शिकायचं आहे, एवढंच. ज्या गावच्या गणेशमंदिरात १८४२ साली विवाह होऊन राणी लक्ष्मीबाई सासरी आल्या, त्या गावात मुलीच्या धाडसाचं कौतुक नव्यानं सांगायला नको. पण धाडसालाही तयारी लागते.

म्हणून आईनं 'नाही' म्हणण्यापूर्वी वरचे प्रश्न मुलीच्या हाती द्यावेत आणि बाबांनी 'हो' म्हणण्यापूर्वी त्यांची उत्तरं तिच्याकडून ऐकावीत. जी मुलगी स्वतः फोन करून ही उत्तरं मिळवते, तिनं समुद्रावर जाण्याआधीच पहिला धडा गिरवलेला असतो.