झाउंड्स : जखमांची शपथ

शेक्सपिअरच्या नाटकांत पात्रं चिडली की ‘झाउंड्स!’ म्हणतात. आज हा शब्द गमतीदार वाटतो, पण तेव्हा तो ऐकून भाविक माणूस कानांवर हात ठेवी. मूळ शब्द ‘गॉड्स वून्ड्स’, म्हणजे क्रुसावरच्या येशूच्या जखमा. त्यांची शपथ उठसूट घेणं हे पाप. म्हणून बोलताना ‘गॉड’ गिळला गेला आणि शेवटचा, ‘झ’सारखा उच्चारला जाणारा ‘स’ तेवढा पुढच्या शब्दाला चिकटून राहिला. येशूच्या रक्ताच्या शपथेचंही असंच ‘स्ब्लड’ झालं.

एवढी काटछाट करूनही सुटका नव्हती. १६०६ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कायदाच केला : नाटकात देवाचं नाव थट्टेने किंवा अनादराने घेतलं, तर दर खेपेला १० पौंड दंड. त्यातला निम्मा राजाला आणि निम्मा चक्क खटला भरणाऱ्याला!

शपथांची ही काटछाट छापील नाटकांतही दिसते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’च्या १६२२ च्या छापील प्रतीत खलनायक इयागो तोंड उघडतो तोच ‘स्ब्लड’ म्हणत. १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’त, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या संग्रहात, ती शपथ गायब आहे, पुढचं ‘झाउंड्स’ही गेलेलं आहे. इयागोच्या तोंडची ती धग १६२२ च्या प्रतीतच वाचावी.